हात आपला असतो म्हणून हलतो

संध्याकाळच्या गर्दीत चर्चगेटहून सुटलेली विरार फास्ट अंधेरी सोडते, तेव्हा दाराजवळच्या एकाच उभ्या दांड्याला सात-आठ जणांनी धरलेले असते. एकाच्या मनगटावर दुसऱ्याचा कोपर, तिसऱ्याची बाही चौथ्याच्या बोटांवर. मान वळवायलाही जागा नसल्यामुळे डोळ्यांसमोर दिसतो तो नुसता हातांचा गुंता. तरीही गाडीला झटका बसला की प्रत्येक जण नेमकी स्वतःचीच मूठ आवळतो. शेजाऱ्याची मूठ आवळायला कोणी जात नाही आणि आपला हात कोणता, हे शोधत बसण्याची वेळही कोणावर येत नाही.

हालचालीचा हुकूम सोडण्यापूर्वी तो कोणत्या अवयवाला सोडायचा आणि तो अवयव या घडीला कुठे आहे, हे मेंदूला ठाऊक असावे लागते. ‘हे शरीर माझे आहे’ ही जाणीव आपण गृहीत धरतो. पण गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनातून असे दिसून आले आहे की ती एकदाच ठरून गेलेली गोष्ट नाही. मेंदू ती हाती येणाऱ्या पुराव्यांवरून क्षणोक्षणी नव्याने बांधत असतो, आणि आपल्या हालचालींचा नेमकेपणा बऱ्याच अंशी तिच्यावर टेकलेला असतो. ती डळमळली की स्नायू धडधाकट असूनही हालचाल बिघडते. ती पुन्हा जुळली तर कामातून गेलेला वाटणारा हातही वळणावर येऊ शकतो. रेल्वे अपघातात हात-पाय गमावलेल्या किंवा पक्षाघाताने शरीराची एक बाजू लुळी पडलेल्या माणसाच्या घरात हा रोजच्या जगण्याचा प्रश्न असतो. वसई-विरारच्या पट्ट्यात अशी घरे थोडी नाहीत.

पुरावे कुठून येतात?

आपल्या प्रत्येक स्नायूच्या आत अतिशय सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने ताणला गेला, हे ते मज्जारज्जूमार्फत मेंदूला सतत कळवत असतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांतले संवेदक ओढ किती आहे ते सांगतात, आणि सांध्यांभोवतालची त्वचा ताणली-दुमडली गेली की तीही खबर पाठवते. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या जाणिवेला ‘प्रोप्रियोसेप्शन’ असे नाव दिले. मराठीत तिला अंगस्थितीची जाणीव म्हणता येईल. डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावता येते किंवा अंधारात जिना उतरता येतो, ते तिच्याच जोरावर.

यात डोळ्यांची साक्ष मिसळते, त्वचेच्या स्पर्शाची मिसळते आणि कानाच्या आतल्या भागातून येणारी तोलाची माहितीही मिसळते. मेंदूच्या माथ्याकडच्या पराइटल खंडात आणि हालचालींची आखणी करणाऱ्या प्रीमोटर पट्ट्यात या साऱ्या साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. दिसते तिथेच जाणवते, जाणवते तेव्हाच दिसते, असा मेळ बसला की तो अवयव आपला ठरतो.

आणखी एक साक्षीदार मेंदूच्या आतच असतो. स्नायूंना हुकूम सुटतो तेव्हा त्याची एक प्रत मेंदू स्वतःजवळ ठेवतो आणि तिच्यावरून पुढे काय जाणवेल याचा अंदाज बांधतो. या कामात लहान मेंदूचा वाटा मोठा आहे. अंदाज आणि अनुभव जुळला, तर ‘हे मी केले’ अशी नोंद होते. आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही ते यामुळेच. सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वॉल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९८ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले, की स्वतःच्या हाताने केलेला स्पर्श मेंदूला आधीच अपेक्षित असतो, म्हणून त्याचा परिणाम सौम्य होतो.

यातला एक धागा तुटला तर काय होते, हे इयन वॉटरमन या ब्रिटिश माणसाच्या बाबतीत जगाला कळले. १९७१ साली, एकोणीस वर्षांचा असताना एका तापानंतर मानेखालच्या साऱ्या शरीरातल्या स्पर्शाच्या आणि अंगस्थितीच्या जाणिवा वाहणाऱ्या नसा त्याने गमावल्या. स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या नसा शाबूत होत्या, म्हणजे त्याला अर्धांगवायू झालेला नव्हता. तरीही त्याला उभे राहता येईना. हात उचलला तर तो भलतीकडेच जाई. सुरुवातीला तर शरीर आपले नाहीच असे त्याला वाटे. पुढे प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहत, विचारपूर्वक करत तो पुन्हा चालायला शिकला. पण खोलीतला दिवा अचानक गेला की तो कोसळत असे. त्याचे डॉक्टर जोनाथन कोल यांनी १९९१ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले. शक्ती असूनही हालचाल करता येत नाही, हे त्याच्याइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखवून दिले असेल.

दोन मिनिटांचा प्रयोग

हा विषय वाचून कळतो त्यापेक्षा करून पाहिल्यावर जास्त कळतो. दोन्ही हात समोर ताठ करा. अंगठे जमिनीकडे वळवा, म्हणजे हातांच्या पाठी समोरासमोर येतील. आता एक मनगट दुसऱ्यावरून पलीकडे न्या, तळवे एकमेकांना लावा आणि बोटे एकमेकांत गुंतवा. गुंतलेले हात तसेच खालून पोटाकडे आणि मग छातीजवळ वर आणा. समोर बोटांची एक रांग दिसेल.

आता घरातल्या कोणाला तरी तुमच्या एका बोटाकडे नुसता इशारा करायला सांगा. बोटाला हात मात्र लावायचा नाही. ते बोट हलवायचा प्रयत्न केला की बहुतेकांची गल्लत होते. एक तर क्षणभर काहीच हलत नाही, नाही तर दुसऱ्याच हाताचे तेच बोट हलते. मग त्याच व्यक्तीला त्या बोटाला हलकेच स्पर्श करायला सांगा. ते बोट ताबडतोब हलेल.

स्नायूंमध्ये काही फरक पडलेला नसतो. पण हात उलटसुलट झाल्यामुळे उजवीकडे दिसणारे बोट डाव्या हाताचे असते, आणि ‘हे बोट कोणत्या हाताचे?’ याचे डोळ्यांनी दिलेले उत्तर अंगस्थितीच्या जाणिवेशी जुळत नाही. त्या गोंधळात हुकूम चुकीच्या पत्त्यावर जातो किंवा अडकून पडतो. स्पर्श झाला की तंटा मिटतो.

रबरी हात आपला वाटतो तेव्हा

१९९८ साली अमेरिकेतल्या मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी ‘नेचर’मध्ये जेमतेम पानभराचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातला प्रयोग अगदी साधा होता. माणसाला टेबलाशी बसवायचे. त्याचा डावा हात पडद्याआड ठेवायचा आणि त्याच्या नजरेसमोर एक रबरी डावा हात मांडायचा. मग दोन कुंचल्यांनी खरा हात आणि रबरी हात एकाच वेळी, एकाच जागी, एकाच दिशेने कुरवाळायचे. बघणाऱ्याला रबरी बोटावर कुंचला फिरताना दिसतो आणि त्याच क्षणी स्वतःच्या बोटावर स्पर्श जाणवतो. थोड्याच वेळात पुष्कळ जणांना तो स्पर्श रबरी हातावरच होतो आहे, तो हात आपलाच आहे, असे वाटू लागते. त्यानंतर डोळे मिटून ‘तुमचा हात कुठे आहे ते दाखवा’ म्हटले की ते खऱ्या जागेपासून रबरी हाताच्या दिशेला सरकलेली जागा दाखवतात. कुंचले मागेपुढे फिरवले, स्पर्शाची वेळ जुळली नाही, तर हा भास फारसा होत नाही.

२००४ साली हेन्रिक एर्सन आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात केला. रबरी हात आपला वाटू लागला की प्रीमोटर भागातली क्रियाशीलता वाढते, आणि भास जितका ठसठशीत तितकी ती जास्त, असे त्यांना आढळले. हा भाग हालचालींची तयारी करणारा आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. अवयव आपला मानणे आणि तो हलवण्याची तयारी करणे, ही कामे मेंदूत शेजारी शेजारी चालतात.

मग रबरी हात आपलासा झाला, तर पडद्याआडच्या खऱ्या हाताचे काय होते? इटलीतल्या तुरीन इथल्या संशोधकांनी २०१६ साली हे तपासले. डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन मेंदूतला हाताचा भाग चेतवायचा आणि खऱ्या हाताचे स्नायू किती प्रतिसाद देतात ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. भास पक्का झाला की खऱ्या हाताचा प्रतिसाद घटत असे. मालकी रबरी हाताकडे गेली, तसा मेंदूने खऱ्या हाताच्या हालचालीची तयारीच कमी केली होती.

चित्र मात्र इतके सरळ नाही. नेदरलंड्समधल्या मारयोलाइन कॅमर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की रबरी हाताचा भास झालेल्या माणसाला आपल्या हाताची जागा सांगताना चूक होते, पण त्याच हाताने पटकन बोट दाखवायला सांगितले तर बोट बरेचसे बरोबर जागी जाते. पुढच्याच वर्षी त्यांनी रबरी हात वस्तू पकडण्याच्या पवित्र्यात ठेवला, तेव्हा मात्र पकडीच्या मापावर परिणाम झाला. यावरून बहुतेक संशोधक असे मानतात की मेंदूजवळ शरीराचा एकच नकाशा नसतो. ‘माझा हात कसा आहे’ हे सांगणारा एक आणि हालचाल करताना वापरायचा दुसरा, असे निदान दोन असतात. एरवी ते एकमेकांना धरून असतात. पुरावे एकमेकांशी जुळेनासे झाले की कधी एक फसतो, कधी दोन्ही.

दुसऱ्याचा हात, आपली रेघ

हालचालीवरचा मालकीचा सर्वांत थेट परिणाम रुग्णांमध्ये दिसला. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला तर शरीराची डावी बाजू लुळी पडते. अशा काही रुग्णांना आपला डावा हात आपला वाटतच नाही. तो डॉक्टरांचा आहे, बायकोचा आहे असे ते मनापासून सांगतात. काहींच्या बाबतीत याच्या उलट घडते. दुसऱ्या कोणाचा हात त्यांच्या डाव्या हाताच्या जागी, त्याच रोखाने ठेवला, तर तो त्यांना आपलाच वाटतो. ही माणसे वेडी नसतात आणि खोटेही बोलत नाहीत. पुरावे ताडून पाहणारी मेंदूतली यंत्रणाच जखमी झालेली असते.

फ्रांचेस्का गार्बारिनी, अन्ना बर्ती आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. आपण एका हाताने सरळ रेघा आणि दुसऱ्या हाताने गोल काढू लागलो तर रेघा फुगून लंबगोल होतात, हे कोणीही कागदावर करून पाहू शकते. त्या रुग्णांना चांगल्या उजव्या हाताने रेघा काढायला सांगितल्या आणि त्यांच्या डाव्या हाताच्या जागी परीक्षकाचा हात गोल काढू लागला. परीक्षकाचा हात ज्यांना आपला वाटत होता, त्यांच्या रेघा फुगल्या. ज्यांना तसे वाटत नव्हते, त्यांच्या रेघा सरळ राहिल्या. दोन्ही गटांचे डावे हात सारखेच लुळे होते आणि दोघांनाही दृश्य एकच दिसत होते. फरक फक्त मालकीच्या जाणिवेत होता, आणि तेवढ्यावरून चांगल्या हाताची हालचाल बदलली.

त्याआधी, १९९८ साली, एलिझाबेथ फ्रँझ आणि तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या काही माणसांवर असाच प्रयोग केला होता. तुटलेला हात अजून आहे आणि तो हलवता येतो असे ज्यांना ठळकपणे जाणवे, त्यांनी मनाने त्या हाताने गोल काढायला घेतले की उरलेल्या हाताच्या रेघा बिघडत. हात नव्हता, पण मेंदूच्या लेखी तो त्यांचाच होता.

हातातले हत्यार

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत वसईच्या पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला गेलात तर ठिकठिकाणी जाळी दुरुस्त करणारी माणसे दिसतील. जाळ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेले असते, हातात दोरा गुंडाळलेली चपटी सुई. फाटका डोळा बोटांनी रुंद करायचा, सुई आत घालायची, गाठ आवळायची, पुढच्या डोळ्याकडे वळायचे. नजर अनेकदा दुसरीकडे असते, तोंडाने गप्पा चालू असतात. सुईचे टोक दोऱ्यात कुठे अडले, हे त्या माणसाला बोटांत नव्हे, सुईच्या टोकाशीच जाणवते.

जपानी शास्त्रज्ञ अत्सुशी इरिकी यांनी १९९६ साली माकडांना दाताळ्यासारख्या लांब काठीने खाऊ ओढून घ्यायला शिकवले. हाताजवळचा स्पर्श आणि हाताजवळचे दृश्य या दोन्हींना प्रतिसाद देणाऱ्या पराइटल खंडातल्या पेशी या सरावानंतर काठीच्या टोकापर्यंतच्या जागेलाही प्रतिसाद देऊ लागल्या. काठी नुसती हातात धरून ठेवली तर हा बदल होत नसे. ती वापरावी लागे. २००९ साली लुचिल्ला कार्दिनाली यांनी माणसांना लांब चिमट्याने वस्तू उचलायला लावल्या आणि नंतर चिमटा काढून घेतला. तरीही काही वेळ त्यांचा मोकळा हात असा हलत होता, जणू तो मूळच्यापेक्षा लांब आहे.

पण हत्यार हालचालीच्या नकाशात सामावले म्हणून ते शरीर ठरत नाही. सुई मोडली तर हळहळ वाटते, बोट मोडल्यासारखी कळ येत नाही. वापराने नकाशा लांबतो. मालकी त्याच्याही पलीकडची गोष्ट आहे. कृत्रिम हात-पाय वापरणाऱ्यांचा सारा प्रश्न याच दोन पायऱ्यांमध्ये आहे.

अवयव गेल्यावर

विरारच्या एका रहिवाशाने केलेल्या जनहित याचिकेवर २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा उपनगरी रेल्वेचे आकडे पुढे आले. २०२३ या एका वर्षात २,५९० प्रवाशांचा मृत्यू आणि २,४४१ जखमी. या जखमींपैकी काहींना हात किंवा पाय गमवावा लागतो. बातमी तिथे संपते. त्या माणसाच्या मेंदूचे काम तिथे सुरू होते.

कापलेला अवयव अजून जागेवर आहे, असे अशा बहुतेकांना जाणवत राहते. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ साली याला ‘फँटम लिंब’ म्हटले. नसलेल्या हाताला खाज सुटते, तो आखडल्यासारखा वाटतो, बोटे तळव्यात रुतल्यासारखी दुखतात. मेंदू हुकूम पाठवतो, पण ‘मूठ उघडली’ अशी खबर परत येत नाही. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात यावर साध्या आरशाचा उपाय शोधला. आरसा असा उभा करायचा की चांगल्या हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल. चांगली मूठ उघडली की आरशातली मूठ उघडते, आणि अनेकांना गेलेल्या हाताची मूठही सैल झाल्यासारखी वाटते. २००७ साली पाय गमावलेल्या सैनिकांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत आरशाच्या उपचाराने वेदना कमी झाल्या; झाकलेल्या आरशाने तसे झाले नाही. प्रत्येकाला त्याचा गुण येतोच असे नाही, पण अपाय फारसा नाही आणि खर्च आरशापुरता.

कृत्रिम अवयवासाठी वसई-विरारकरांना फार लांब जावे लागत नाही. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून काम करते आहे. महालक्ष्मी स्थानकावर उतरून तिथे जाता येते. आपल्या देशात या क्षेत्रातले सर्वांत नावाजलेले काम म्हणजे जयपूर फूट. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो १९६८ च्या सुमारास घडवला. तो पायासारखा दिसतो, अनवाणी चालता येते, मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, शेतातल्या चिखलात उतरता येते. ज्याचे जगणे जमिनीवर बसण्या-उठण्यात जाते, त्याला खुर्चीवरच्या जगासाठी घडवलेला पाय आपला वाटणे अवघड. दिसणे, हलणे आणि रोजचा वापर हे तिन्ही जुळले तर मेंदूला तो पाय स्वीकारायला पुरावा मिळतो.

एक पुरावा मात्र कृत्रिम पायाकडून येत नाही, तो म्हणजे स्पर्श. स्टॅनिसा रास्पोपोविच यांच्या गटाने २०१९ साली दोन माणसांच्या मांडीतल्या नसेत सूक्ष्म तारा बसवून कृत्रिम पायाच्या तळव्याचा दाब आणि गुडघ्याचा कोन त्यांना जाणवेल असे केले. त्यांचा चालण्याचा वेग वाढला, चालताना लागणारी शक्ती कमी झाली आणि गेलेल्या पायातल्या वेदनाही उतरल्या. हे तंत्र अजून प्रयोगशाळेत आहे, पण ते एक गोष्ट पटवून देते: पाय जाणवू लागला की तो चांगला चालतो.

नवा हात रुजताना

जिवंत हात जोडला तरी मालकी आपोआप येत नाही. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या लियों शहरात ज्यां-मिशेल द्युबर्नार यांच्या पथकाने क्लिंट हॅलम या न्यूझीलंडच्या माणसाला मृत दात्याचा हात बसवला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली; हात हलू लागला. पण हॅलमने औषधे नेटाने घेतली नाहीत, व्यायामही नेटाने केला नाही. तो हात आपला वाटतच नाही, असे तो सांगू लागला आणि २००१ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये तो हात काढून टाकावा लागला.

भारतात पहिले हात-प्रत्यारोपण जानेवारी २०१५ मध्ये कोचीच्या अमृता इन्स्टिट्यूटमध्ये झाले. मुंबईत २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकात लोकलखाली दोन्ही हात गमावलेल्या एका तरुणीवर ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये डॉ. निलेश सातभाई यांच्या पथकाने प्रत्यारोपण केले. हात चेन्नईतल्या एका मेंदूमृत दात्याचे होते.

अशा शस्त्रक्रियेनंतर नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढते. जोडापासून बोटाच्या टोकापर्यंत तीस सेंटिमीटर अंतर असेल तर तिथवर पोचायलाच तीनशेच्या आसपास दिवस लागतात. तोवर रुग्णाला दिसणारा हात जाणवत नसतो. हा काळ रोजचा व्यायाम, हाताकडे पाहणे, त्याला हाताळणे आणि धीर यांवर काढावा लागतो. कष्ट वाया मात्र जात नाहीत. लियोंमध्ये दोन्ही हात बसवलेल्या रुग्णाच्या मेंदूचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. हात नसताना मेंदूतली हाताची जागा शेजारच्या अवयवांनी व्यापली होती. नव्या हातांच्या वापराने ती हातांकडे परत आली. मेंदूने जागा सोडून दिली होती, पण ती परत मिळवता आली.

घरच्यांच्या हातात काय आहे?

प्रत्यारोपण विरळा घडते. पक्षाघात गल्लोगल्ली आहे. लुळ्या पडलेल्या हाताची हेळसांड घरातच सुरू होते, आणि तीही मायेपोटी. आईचा डावा हात चालत नाही म्हणून लेक तिला भरवते, सून केस विंचरते, वडिलांच्या शर्टाची बटणे मुलगा लावतो. रुग्ण सगळे उजव्या हाताने उरकायला शिकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी दाखवले, की हात न वापरण्याची अशी सवय लागली की मेंदू त्या हाताला हिशेबातून वगळत जातो, आणि हातात थोडीफार ताकद परत आली तरी तो वापरला जात नाही. यावर त्यांनी चांगला हात मोज्यात अडकवून लुळ्या हाताला कामाला लावण्याची पद्धत काढली. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तिचा स्पष्ट फायदा दिसला. ही पद्धत ज्यांच्या हातात थोडी हालचाल उरली आहे त्यांच्यासाठीच आहे आणि ती फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायची असते.

आरशाचा उपचार पक्षाघातातही वापरला जातो. टेबलावर आरसा मध्ये उभा करायचा, लुळा हात त्याच्या मागे, चांगला हात पुढे. आरशात पाहत चांगल्या हाताने मूठ उघडझाप करायची, मनगट वळवायचे, आणि त्याच वेळी मागचा हातही तसाच हलवायचा प्रयत्न करायचा. २०१८ साली ६२ अभ्यासांचा आणि १,९८२ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला गेला. इतर उपचारांच्या जोडीला आरसा वापरला तर हालचाल आणि रोजची कामे सुधारतात, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आणखी काही गोष्टींना पैसा लागत नाही. रुग्णाचा लुळा हात पांघरुणाखाली किंवा मांडीआड दडू देऊ नका. जेवताना तो ताटाशेजारी, नजरेसमोर ठेवा. त्याला तेल लावताना रुग्णालाच चांगल्या हाताने लावू द्या आणि लावताना बघू द्या. बोलायला त्या बाजूने जा, म्हणजे मान आणि लक्ष तिकडे वळेल. कपडे घालताना आधी त्या हाताची बाही चढवा. रुग्ण ‘हा माझा हात नाही’ म्हणाला तर त्याची थट्टा करू नका आणि त्याच्याशी वादही घालू नका. हे लक्षण डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण उपचारांची आखणी त्यावरून बदलते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही हे लागू आहे. जो पाय जाणवत नाही तो नीट टेकला जात नाही आणि त्याला झालेली जखमही कळत नाही. म्हणून तळवे रोज डोळ्यांनी तपासलेच पाहिजेत.

पक्षाघाताची चाहूल लागली, म्हणजे तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर एक तासही घरी घालवू नका. थेट मेंदूची तपासणी होऊ शकेल अशा रुग्णालयात न्या. आणि झटका येऊन गेला असेल, तर फिजिओथेरपी ‘ताकद आल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच सुरू करा. त्या हाताकडून रोज एक काम करून घ्या, भले ते नुसता टॉवेल धरून ठेवण्याचे असो. जो हात रोज दिसतो, जाणवतो आणि वापरला जातो, त्यालाच मेंदू आपला मानतो.